आपल्या वाड्याची बातमी

(६ जानेवारी २०२६ रोजी पत्रकार दिनानिमित्त डिचोली येथे दिलेल्या दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर स्मृती व्याख्यानाचा संपादित मजकूर)



बाळशास्त्रींच्या तसबिरीला आपण आत्ताच हार घातला. या तसबिरीत ते नेहमी पोक्त दिसतात. पागोटे, अंगरखा, चेहऱ्यावर जबाबदारी. त्यामुळे एक गोष्ट आपण हटकून विसरतो. १८३२ साली आजच्याच तारखेला ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला, तेव्हा हा माणूस विशीच्या आसपासचा होता. आजच्या हिशेबाने पदवीच्या वर्गातला मुलगा. तेरेखोलची नदी ओलांडली की सिंधुदुर्ग लागतो, त्यातल्या देवगड तालुक्यातले पोंभुर्ले हे त्यांचे गाव. म्हणजे पेडणेकरांच्या दृष्टीने जवळपास शेजारचेच. त्या वयात त्यांनी एका अंगाला मराठी आणि एका अंगाला इंग्रजी असे द्विभाषी पत्र चालवायला घेतले, आधी पाक्षिक, मग साप्ताहिक. वय हा मुद्दा तेव्हा कोणी काढला असेलच, पण अंक काही थांबला नाही.

वयाचा विषय काढला, कारण आज मला शाळकरी मुलांच्या पत्रकारितेबद्दल बोलायचे आहे. आयोजकांनी विषय सुचवला होता ‘मराठी पत्रकारितेपुढील आव्हाने’. ती आव्हाने आपण दर ६ जानेवारीला मोजतो आणि सातला विसरतो. म्हणून मी विषय बदलून मागितला. त्यांनी दिला, त्यांचे आभार.

अलीकडे पालकांचा एक प्रश्न वारंवार कानावर येतो. ‘मे महिन्यात मुलीला पेपरात इंटर्नशिप मिळेल का?’ विचारणारे बहुधा पणजी, पर्वरी, मडगावचे. त्यांना बाहेर काय चालते ते ठाऊक असते. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ १९३०च्या दशकापासून हायस्कूलच्या मुलांसाठी उन्हाळी पत्रकारिता वर्ग चालवते. डाऊ जोन्सच्या निधीतून कितीतरी शाळकरी मुलांच्या कार्यशाळा झाल्या. पुढच्या प्रवेश-अर्जात असे प्रमाणपत्र चांगले दिसते, हेही पालकांना ठाऊक असते. त्यात वाईट काही नाही. पण हा प्रश्न तोरशेच्या, हळर्णच्या, मयेच्या किंवा शिरगावच्या पालकाने विचारलेला मी ऐकलेला नाही. माझे आजचे बोलणे त्या न विचारणाऱ्यांबद्दल आहे.

समजा, पेडण्यातल्या एखाद्या मुलीला पणजीच्या दैनिकात अशी उमेदवारी मिळाली. ती सकाळी बस धरून म्हापशाला उतरते, तिथे दुसरी बस धरते आणि दहाच्या सुमारास कार्यालयात पोचते. कार्यालयात कोण असते? जाहिरात विभाग, हिशेबनीस आणि झाडलोट करणारी बाई. वर्तमानपत्राचे डेस्क दुपारनंतर जागे होते. संपादकांची बैठक, बातम्यांचा ओघ, पान लावणे, ऐन वेळी मथळा बदलणे, आठ वाजता आलेल्या बातमीसाठी पहिल्या पानावरची दोन कॉलमी बातमी आत ढकलणे, हे सगळे संध्याकाळचे आणि रात्रीचे काम. तोवर पेडण्याकडे जाणाऱ्या बसची वेळ झालेली असते. मुलगी साडेचारला निघते. म्हणजे जे बघायला ती आली, ते तिला दिसतच नाही. दिसते ते रिकामे टेबल. कोणी भला उपसंपादक तिच्यापुढे प्रसिद्धिपत्रकांचा गठ्ठा ठेवतो आणि म्हणतो, ‘बाळा, एवढी टाईप कर.’ पंधरा दिवसांनी तिला शिक्क्याचे प्रमाणपत्र मिळते. ते प्रमाणपत्र खोटे नसते, पण तिने शिकलेले त्यात काही नसते.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. गोव्यात शाळकरी मुलांसाठी पत्रकारितेची सुट्टीतली उमेदवारी सुरू करायची असेल, तर ती राजधानीत नको, तालुक्यात हवी. स्टुडिओत नको, पंचायतीच्या सूचनाफलकासमोर हवी. आणि तिचा गुरू संपादक नको, तालुक्याचा बातमीदार हवा.

तालुका बातमीदार ही आपल्या मराठी वृत्तपत्रांची खरी शाळा आहे. गोवामुक्तीनंतर तीनेक महिन्यांत, २४ मार्च १९६२ला, ‘गोमन्तक’ निघाला, बा. द. सातोस्कर त्याचे पहिले संपादक. पुढच्या काही वर्षांत ‘राष्ट्रमत’ आला, ‘नवप्रभा’ आला. बेळगावचा ‘तरुण भारत’ होताच. ही पत्रे गावोगाव रुजली ती कोणामुळे? प्राथमिक शाळेतला मास्तर, किराणा दुकानदार, विमा एजंट, पोस्टात काम करणारा कोणी, अशा माणसांमुळे. दिवसभर आपला धंदा आणि संध्याकाळी ‘वार्ताहर, पेडणे’. मानधन काय मिळायचे ते या सभागृहात बसलेल्यांना विचारू नका. उत्तर द्यायला त्यांना लाज वाटणार नाही, ऐकायला तुम्हाला वाटेल. कागदावर हाताने लिहिलेली बातमी पाकिटात घालून बसच्या कंडक्टरकडे द्यायची, पणजीच्या स्टँडवर कोणी तरी ती उचलायची. यातले पुष्कळ जण कधी कोणत्या पत्रकारिता विद्यालयात गेले नाहीत. पण सरपंचाने ‘निधी मंजूर झाला’ म्हटले, की मंजूर कोणी केला, तांत्रिक मान्यता की प्रशासकीय मान्यता, आणि वर्कऑर्डर निघाली का, हे तीन प्रश्न त्यांच्या तोंडून आपोआप येत. आजही येतात. हे कौशल्य पुस्तकात नाही. ते ज्या माणसांकडे आहे ती आता साठीकडे झुकली आहेत.

आता मुलांनी शिकायचे काय, ते जरा जवळून बघू. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येते तसे एक पत्रक घ्या. कोणत्याही एका गावचे नाही. सगळ्याच गावांचे आहे. ‘अमुक गावातील अंतर्गत रस्त्याच्या हॉटमिक्स डांबरीकरणाचा शुभारंभ आमदारांच्या हस्ते श्रीफळ वाढवून मोठ्या उत्साहात करण्यात आला. यावेळी सरपंच, उपसरपंच, पंच सदस्य, माजी सरपंच, महिला मंडळाच्या अध्यक्ष व ग्रामस्थ मोठ्या संख्येने उपस्थित होते. गावाच्या सर्वांगीण विकासासाठी सरकार कटिबद्ध असल्याचे आमदार म्हणाले.’ सोबत फोटो: नारळ, अगरबत्ती, नऊ पुरुष, दोन स्त्रिया, मागे रोलर.

हे पत्रक नववीतल्या मुलांपुढे ठेवा आणि सांगा, ‘यात काय नाही ते शोधा.’ पहिली पाच मिनिटे गप्प बसतील. मग कोणी तरी म्हणेल, ‘सर, रस्ता किती लांब ते नाही.’ दुसरी म्हणेल, ‘खर्च नाही.’ तिसरा, ज्याचे घर त्या रस्त्यावर आहे, तो म्हणेल, ‘हो रस्तो दोन वर्सां आदीं केल्लो, मागीर पायपीक खणलो.’ बस्स. बातमी सापडली. दोन वर्षांपूर्वी केलेला रस्ता नळासाठी कोणी खणला, सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दोन विभागांचे एकमेकांशी बोलणे झाले होते का, खणल्यावर भरून देण्याची जबाबदारी कोणाची होती, आणि आता पुन्हा डांबर पडतेय ते पावसाळ्याला किती दिवस उरले असताना? ही माहिती पणजीच्या डेस्कवर बसलेल्या कोणालाही नाही. ती त्या मुलाच्या पायाला आहे. तो रोज त्या खड्ड्यातून सायकल काढतो.

मग त्याला मोजफीत द्या आणि रस्ता मोजायला पाठवा. रोलरच्या चालकाशी बोलायला लावा. कनिष्ठ अभियंत्याला फोन करायला लावा. अभियंता आधी म्हणेल, ‘शाळेच्या प्रकल्पासाठी का? मग सांगतो.’ हे ऐकून मुलांना हसू येईल, पण त्यातून एक गोष्ट कळेल. शाळेच्या प्रकल्पाला जी माहिती सहज मिळते, ती बातमीला मिळत नाही. असे का, यावर त्या दिवशी अर्धा तास बोलता येईल.

मराठीच्या तासाला बातमी शिकवलीच जात नाही असे नाही. महाराष्ट्र मंडळाच्या दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनात बातमी लिहायला येते. पण प्रश्नपत्रिकेत माहिती आयती दिलेली असते: विद्यालयाचे नाव, तारीख, पाहुणे, कार्यक्रम. मुलगा तीच माहिती वाक्यांत बसवतो आणि शेवटी लिहितो ‘कार्यक्रम थाटात संपन्न झाला’. पूर्ण गुण. शिक्षकांचा दोष नाही. पेपर तपासायचा तर उत्तर ठरलेले हवे. पण शोध नसलेली, प्रश्न नसलेली, कोणाला न विचारता लिहिलेली बातमी लिहिण्याचा सराव आपण शाळेत करून घेतो आणि मग वर्तमानपत्रांत नुसती पत्रके छापून येतात म्हणून कुरकुरतो.

पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांचीच नावे मी का घेतो, याचेही उत्तर द्यायला हवे. नव्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगिजांनी उशिरा जिंकलेल्या भागातले, हे तालुके मराठी वाचणारे. घरी कोंकणी, हातात मराठी पेपर. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात खेड्याखेड्यांत मराठी प्राथमिक शाळा निघाल्या त्यांनी हा वाचक आणखी वाढवला. आणि गेल्या पंधरा वर्षांत गोव्यातल्या सर्वांत मोठ्या बातम्यांपैकी दोन याच दोन तालुक्यांत घडल्या.

एक मोपाच्या विमानतळाची. नोव्हेंबर २०१६मध्ये कोनशिला बसली. मार्च २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणीय परवाना स्थगित केला, जानेवारी २०२०मध्ये तो पुन्हा मोकळा झाला. ११ डिसेंबर २०२२ला उद्घाटन, आणि ५ जानेवारी २०२३ला विमाने सुरू. त्याला कालच तीन वर्षे झाली. या सगळ्या काळात बातम्या कोणत्या आल्या? न्यायालयाच्या, मंत्र्यांच्या, कंपनीच्या, टॅक्सीवाल्यांच्या आंदोलनाच्या. बरोबरच आल्या. पण वारखंड, कासारवर्णे, चांदेल, उगवे या गावांत शाळेत जाणाऱ्या मुलाच्या घरात काय बदलले? बाप काजूची बाग सोडून पार्किंगमध्ये नोकरीला लागला का? लागला तर कायम की कंत्राटी? पठारावर चरायला जाणारी गुरे आता कुठे जातात? चांदेलचा जलशुद्धीकरण प्रकल्प शेजारीच आहे, तरी नळ किती वाजता येतो? या प्रश्नांची उत्तरे आणायला पत्रकार पाठवावा लागत नाही. उत्तरे आधीच त्या वर्गात बाकावर बसलेली आहेत. ती मांडायला शिकवावे लागते एवढेच.

दुसरी बातमी खाणींची. इथे डिचोलीत कोणाला काय सांगायचे! सप्टेंबर २०१२मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. काही काळाने थोड्या सुरू झाल्या, तर ७ फेब्रुवारी २०१८ला न्यायालयाने अठ्ठ्याऐंशी लीजांचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळे बंद. साखळी-डिचोलीच्या रस्त्यांवरचे ट्रक अंगणांत उभे राहिले, गॅरेजे ओस पडली. आज नववीत बसलेली मुले तेव्हा सहा-सात वर्षांची होती. घरातले हप्ते, आईचे दागिने, विकलेला टिप्पर हे त्यांनी बघितले, पण का ते त्यांना कोणी सांगितले नाही. आणि आता लिलावातून ब्लॉक गेले. डिचोलीचा पहिला ब्लॉक डिसेंबर २०२२मध्ये, आणि २०२४मध्ये तिथे काम सुरू झाले. म्हणजे ट्रक परत आले आणि त्यांच्याबरोबर धूळही आली.

खाणींवर बोलताना मोठी माणसे ताबडतोब दोन गटांत वाटली जातात. मुलांना या गटांत ढकलू नका. त्यांना मोजायला सांगा. शाळेच्या फाटकासमोर सकाळी एक तास उभे राहून किती ट्रक गेले, किती झाकलेले, किती उघडे, रस्त्यावर पाणी मारणारा टँकर किती वेळा आला. आठवडाभर रोज, एकाच वेळी, एकाच जागी. वहीत तारीख आणि वेळ. हे आकडे कोणाच्या बाजूचे नाहीत. कंपनीला दाखवा, पंचायतीला दाखवा, खाण खात्याला दाखवा. त्यावर ते जे बोलतील ते लिहून घ्या. शिरगावात खाणीच्या खोदाईने विहिरी आटल्याची तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली. न्यायालयाला शेवटी लागले काय? कोणत्या विहिरीत कोणत्या महिन्यात किती पाणी, याची नोंद. ती ठेवणे हे आठवीतल्या मुलालाही जमते.

शिरगावचे नाव निघाले म्हणून एक जड गोष्ट बोलतो. २०२५च्या मे महिन्यात लईराई देवीच्या जत्रेत पहाटे चेंगराचेंगरी झाली, भाविकांचे जीव गेले. त्या दिवशी बाहेरून आलेल्या वाहिन्यांनी जे केले ते आपण बघितले. धोंड म्हणजे कोण, व्रत म्हणजे काय, वाट कुठून कुठे जाते, हे ठाऊक नसताना कॅमेऱ्यासमोर ओरडणे. ज्यांच्या घरात माणूस गेला त्यांच्या दारात माईक. त्या गर्दीत डिचोलीची कितीतरी शाळकरी मुले स्वतः धोंड, म्हणजे व्रत धरलेले भाविक, म्हणून होती. उतार कुठे अरुंद होतो, कुठे दुकाने लागतात, कुठे विजेचा दिवा नसतो हे त्यांना माहीत होते. कोणी विचारले नाही.

म्हणजे त्या दिवशी मुलांना वार्तांकनाला पाठवायला हवे होते का? मुळीच नाही, आणि हा माझा आजचा सर्वांत ठाम मुद्दा आहे. अपघात, आत्महत्या, पोलीस पंचनामा, शवागार, प्रेतयात्रा या ठिकाणी अठरा वर्षांखालच्या उमेदवाराला कोणीही, कोणत्याही सबबीखाली नेऊ नये. ‘अनुभव मिळेल’ हे कारण तर अजिबात नको. तसेच, पीडित मूल ज्या बातमीत आहे त्या बातमीजवळ या मुलांना फिरकू देऊ नये. बाल न्याय कायद्याचे कलम ७४ आणि पोक्सोचे कलम २३ मुलांची ओळख उघड करायला मनाई करतात. ही कलमे अनुभवी बातमीदारही मोडतात. शाळेचे नाव, गावाचे नाव, ‘वडील अमुक खात्यात कामाला’ असे लिहून ओळख पटवून देतात. मुलांना पहिल्या दिवशी हीच दोन कलमे वाचून दाखवावीत. दुर्घटनेनंतर महिन्याने, गर्दी नसताना, त्याच उतारावर जाऊन रुंदी मोजणे, वाटेचा नकाशा काढणे, देवस्थान समिती आणि प्रशासनाने काय बदलायचे ठरवले ते विचारणे हे मात्र त्यांनी जरूर करावे. ती खरी बातमी असते आणि बहुतेक पत्रे तोपर्यंत दुसरीकडे निघून गेलेली असतात.

भाषेचा प्रश्न शिक्षक हमखास काढतात. ‘आमची मुले इंग्रजी माध्यमातली. मराठी हा एक विषय. त्यांना लिहिता कुठे येते?’ याचे उत्तर दिल्लीत सापडते. तिथे २००३पासून रस्त्यावरच्या मुलांचे ‘बालकनामा’ नावाचे पत्र निघते. त्यात ज्या मुलांना लिहिता येत नाही ती तोंडी बातमी सांगतात, लिहिता येणारी ती उतरवून घेतात. तोंडी सांगणाऱ्यांना तिथे ‘बातूनी रिपोर्टर’ म्हणतात. पेडण्याची मुलगी कोंकणीत जे झरझर सांगते ते तसेच रेकॉर्ड करा, मग तीच ऐकून मराठीत लिहू दे. ती ज्या आजीशी बोलली, त्या आजीचे वाक्य अवतरणात कोंकणीतच राहू दे. आजीच्या तोंडी ‘विस्कळीत पाणीपुरवठा’ घालायचे काही कारण नाही. व्याकरण उपसंपादक बघेल. त्यासाठीच तो आहे.

आता अडचणीचा भाग. मुलांनी लिहिले ते छापायचे कोणी ठरवायचे?

गोव्याला सेन्सॉर नवा नाही. केप्यासारख्या गावातून गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांनी १९१२ साली ‘भारत’ काढला, मराठी आणि पोर्तुगीजमध्ये. खटल्यांवर खटले झाले, तुरुंग झाला. पुढे सालाझारच्या राजवटीत छापण्यापूर्वी मजकूर तपासून घ्यावा लागे. लग्नपत्रिकासुद्धा दाखवून आणावी लागे, असे जुनी माणसे सांगत. मुक्तीनंतर तो सेन्सॉर गेला. शाळेत मात्र तो मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये अजून बसलेला आहे, आणि गमतीने बोलत नाही मी. शाळेच्या भित्तिपत्रकावर ‘मुलींच्या शौचालयात पाणी नाही’ असे दोन ओळींचे निवेदन लागले तर ते किती तास टिकेल? इथे बसलेल्या मुख्याध्यापकांनी मनातल्या मनात उत्तर द्यावे.

अमेरिकेत या प्रश्नाला दोन शेजारी राज्यांतून दोन उत्तरे मिळाली. मिझुरीतल्या हेझलवूड भागातल्या एका हायस्कूलमध्ये मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या पत्रातली दोन पाने काढून टाकली. विषय होते विद्यार्थिनींचे गरोदरपण आणि आईबापांचा घटस्फोट. मुले सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९८८मध्ये हरली. न्यायालय म्हणाले, शाळेच्या पैशाने निघणाऱ्या पत्रावर शाळेचा अधिकार आहे. शेजारच्या कॅन्सस राज्याने त्यानंतर कायदा करून विद्यार्थी पत्रकारांना संरक्षण दिले. त्याच कॅन्ससमध्ये, पिट्सबर्ग नावाच्या लहान शहरात, २०१७ साली हायस्कूलमधल्या मुलांनी आपल्या नव्या मुख्याध्यापकांची पदवी तपासायला घेतली. ज्या विद्यापीठाचे नाव सांगितले होते त्याला मान्यता असल्याचे कुठे सापडेना. मुलांनी फोन केले, कागद जमवले, नव्या मुख्याध्यापकांनाच विचारले, आणि छापले. पदभार घेण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला. मला त्यात सर्वांत आवडलेली गोष्ट ही, की मुलांच्या पाठीशी त्यांचे पत्रकारितेचे शिक्षक शेवटपर्यंत उभे राहिले.

आपल्याकडे तसा कायदा नाही, येईल असेही दिसत नाही. म्हणून व्यवहारी तोडगा काढावा लागेल. शाळेविषयीच्या बातम्या सुरुवातीला बाजूला ठेवा. मुलांनी आपल्या वाड्याविषयी लिहावे, दुसऱ्या गावातल्या शाळेतल्या मुलांनी ते वाचून प्रश्न विचारावेत, आणि छापायचे की नाही हे तालुका बातमीदार आणि एक शिक्षक मिळून ठरवतील. नाही छापले तर कारण लेखी द्यावे. लेखी कारण द्यायचे म्हटले की निम्मी मनाई आपोआप कमी होते, हा माझा सरकारी खात्यांशी पत्रव्यवहार करून आलेला अनुभव आहे.

माहिती अधिकाराचेही सांगून ठेवतो. देशाचा कायदा २००५चा, पण गोव्याने स्वतःचा १९९७मध्येच केला होता. अर्जाला दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर यायला हवे, आणि कायद्यात ‘नागरिक’ म्हटले आहे, वयाची अट नाही. २०१२मध्ये लखनौच्या दहा वर्षांच्या मुलीने गांधीजींना राष्ट्रपिता ही पदवी कोणत्या आदेशाने दिली असे विचारून केंद्र सरकारची धावपळ उडवली होती. मे महिन्यात अर्ज टाका. उत्तर जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर येईल. तोवर मुलांना वाट बघायला शिकता येईल. पत्रकारितेत ते फारसे कोणी शिकवत नाही.

वेळ कोणती, तर मे महिनाच. २०२५मध्ये गोव्यात सहावीपासूनच्या बहुतेक वर्गांचे वर्ष एप्रिलमध्येच सुरू झाले, सकाळची शाळा भरली, आणि पूर्ण मोकळा उरला तो मे. त्यावर नाटक, नृत्य, चित्रकला, पोहणे यांच्या शिबिरांची गर्दी असते. बाल भवन आहे, साखळीचे रवींद्र भवन आहे. असूदेत. मी त्या मे महिन्यातले पंधरा दिवस मागतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची तरतूद आहे, आणि पुढे बारावीपर्यंत सुट्टीतल्या उमेदवारीचीही. त्यात सुतार, कुंभार, माळी यांची नावे येतात. बातमीदाराचे नाव येत नाही, पण मज्जावही नाही. मुख्याध्यापकांना कागदावर आधार हवा असेल तर तो हा.

पैशाचे काय, असा प्रश्न कोणी तरी मागून विचारतोच. मुलांना बस पास आणि जेवण, बातमीदाराला शिकवण्याचे मानधन. वेगळे, बातम्यांच्या मानधनात मिसळलेले नको. हे वृत्तपत्रांनी द्यावे. एका पानभर जाहिरातीपेक्षा हा खर्च फार मोठा होणार नाही. सरकारकडे मागू नये, कारण माहिती खात्याच्या पैशाने शिकलेला मुलगा माहिती खात्याला प्रश्न विचारताना एकदा तरी चाचरेल. खाण कंपनीकडे किंवा विमानतळ चालवणाऱ्यांकडे तर नकोच. तो निधी सामाजिक बांधिलकीच्या नावाखाली सहज मिळेल, म्हणूनच सांगतो. ज्यांना मोजायचे त्यांच्याच पट्टीने मोजू नये.

आणि मुलांना फुकट कामाला लावू नका. त्यांच्याकडून पत्रके टाईप करून घेणे, पुढाऱ्यांच्या सभांचे फोटो काढून घेणे, कार्यालयाचे इन्स्टाग्राम चालवून घेणे, याला उमेदवारी म्हणत नाहीत. मुलाने आणलेली बातमी छापली तर तिच्यावर त्याचे नाव जायला हवे. तसे करायची तयारी नसेल तर ती छापू नका.

मित्रहो, शेवटी मागणे एवढेच. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या प्रत्येक बातमीदाराने येत्या मे महिन्यात दोन मुले घ्यावीत, एक मुलगा आणि एक मुलगी, आणि आपल्या गावातली घ्यावीत. पणजीच्या मराठी दैनिकांच्या संपादकांनी जूनमध्ये एक पान या मुलांसाठी राखून ठेवावे आणि ते जाहिरातीला विकू नये. मुख्याध्यापकांनी एप्रिल संपण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घेऊन ठेवावी. शिक्षकांनी मागच्या रांगांत आणून बसवलेल्या मुलांनी माझ्यावर विसंबून राहू नये. उद्या शाळेत जाताना पंचायतीच्या सूचनाफलकाजवळ थांबावे, वर कोणती नोटीस लावली आहे ती वाचावी, तिच्यावर तारीख आहे का ते बघावे आणि नसेल तर आत जाऊन सचिवांना विचारावे. आज इथे बसलेल्या बातमीदारांपैकी ज्यांची दोन मुले घ्यायची तयारी आहे, त्यांनी जाण्यापूर्वी दाराजवळच्या वहीत नाव लिहून जावे.